पारख गटाच्या मॉडरेटर मंडळींना खुलं पत्र: माझी चूक मला दुरुस्त करू द्या

मॉडरेटर मंडळींना सप्रेम नमस्कार.

महागड्या बॅगा, घड्याळं, बूट फोटोंवरून अस्सल की नकली ते सांगणाऱ्या तुमच्या ऑनलाइन गटात मी नऊ वर्षं आहे. पहिली दोन वर्षं नुसती वाचत होते, पुढची सात वर्षं शेरे देत आले. लुई व्हिटॉन या महागड्या फ्रेंच ब्रँडच्या जुन्या बॅगा हा माझा विषय. घड्याळांतलं मला फारसं कळत नाही आणि बुटांतलं अजिबात नाही. या काळात किती फोटो पाहिले याचा हिशेब मी ठेवलेला नाही, पण कुणाच्या तरी बॅगेच्या बंदाची शिलाई बघता बघता डोळा लागला अशा रात्री पुष्कळ गेल्या. त्याचा एक पैसा घेतला नाही. हे उपकार म्हणून सांगत नाही, मला मजा यायची म्हणून करत होते. सांगायचं एवढ्याचसाठी की हे पत्र बाहेरच्या माणसाचं नाही, आणि माल पकडला गेला म्हणून चिडलेल्या विक्रेत्याचंही नाही.

बंदी मात्र माझ्यावरही आहे. १४ दिवसांची. गुन्हा असा, की मी माझीच चूक कबूल करायला गेले.

जे झालं ते आधी सगळं सांगते, कारण तुमच्यातल्या काहींनी ते प्रकरण पाहिलंही नसेल. आठ महिन्यांपूर्वी एका सदस्येने मोनोग्रॅम कॅनव्हासच्या, म्हणजे ‘एलव्ही’ अक्षरं आणि फुलांचा नमुना छापलेल्या कापडाच्या, एका जुन्या बॅगेचे सहा फोटो टाकले आणि विचारलं, घेऊ का? विकणारीही गटातलीच होती. तिचं म्हणणं, बॅग आईची आहे, सत्तरच्या दशकातली. मी फोटो पाहिले. आत डेट कोड, म्हणजे बॅग कुठे आणि केव्हा बनली ते सांगणारा कंपनीचा छोटा कोड, नव्हता. झिपवर ‘टॅलन’ असं नाव होतं. कॅनव्हासचा तपकिरी रंग नेहमीपेक्षा किंचित हिरवटाकडे झुकलेला. मी लिहिलं, ‘नकली.’ एवढंच. कारण नाही, प्रश्न नाही. तासाभरात तुम्ही चर्चेचा धागा बंद केलात, विकणारीला गटातून काढलंत आणि तिचं नाव त्या यादीत टाकलंत जी गटात सगळ्यात वर चिकटवलेली असते.

ती बॅग अस्सल होती.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत लुई व्हिटॉनने ‘फ्रेंच कंपनी’ नावाच्या अमेरिकन कंपनीला तिथे बॅगा बनवायचा परवाना दिला होता. त्या बॅगांना टॅलन या अमेरिकन कारखान्याची झिप सर्रास सापडते. कॅनव्हासचा रंग थोडा वेगळा दिसतो. डेट कोड त्यांच्यात नसतो, आणि तो पद्धतशीरपणे सुरूच मुळी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला झाला, फ्रान्समध्येसुद्धा. म्हणजे ज्या तीन गोष्टींवरून मी बॅगेला फाशी दिली, त्या तिन्ही तिच्या बाजूच्या साक्षीदार होत्या. आणि हे काही दुर्मीळ ज्ञान नाही. जुन्या बॅगांत रमणाऱ्या कुणालाही विचारा. मलाही ठाऊक होतं! त्या रात्री ती माझी चौथी बॅग होती, डोळे दुखत होते, आणि ‘आईची बॅग’ ही गोष्ट ठकसेनांची इतकी लाडकी आहे की ती वाचताच माझं मत ठरून गेलं होतं. फोटो मी नंतर पाहिले.

काही महिन्यांनी तशाच दुसऱ्या एका बॅगेवर ‘अस्सल’ लिहिताना, वाक्य अर्धवट असतानाच, मला ती पहिली आठवली. जुने फोटो उकरून काढले. पाचव्या फोटोत आतल्या खिशाच्या सावलीत शिवलेल्या लेबलाचा कोपरा दिसत होता. ‘खिशातलं लेबल नीट दाखवा’ एवढं जरी मी लिहिलं असतं तरी पुरलं असतं. खरेदीदार सदस्येकडून विकणारीचा संपर्क मिळवला, माफी मागितली, लेबलाचा फोटो मागितला. तिने तो पाठवला. त्यावर फ्रेंच कंपनीचं नाव आणि लुई व्हिटॉनच्या परवान्याचा उल्लेख स्वच्छ वाचता येतो. फोटोखाली तिने एकच ओळ लिहिली होती: ‘आता ती विकायची नाही, कपाटात आहे, राहू दे.’

मी गटात दुरुस्ती टाकली. ४० मिनिटांत ती उडाली. पुन्हा टाकली, पुन्हा उडाली, आणि सोबत बंदी. पुढच्याच आठवड्यात तुमचा नवा नियम जाहीर झाला: शेरा पडला की धागा बंद, शेऱ्याची कारणं लिहू नयेत, दिलेल्या शेऱ्यावर शंका घेणाऱ्यास १४ दिवस बंदी, पुन्हा घेतल्यास कायमची. हा नियम मला गप्प राहून मान्य करता येणार नाही, म्हणून हे पत्र.

तुमची बाजू मला दिसत नाही असं समजू नका. माल केवढा आहे ते आपण सगळेच जाणतो. ओईसीडी ही देशांची आर्थिक संघटना आणि युरोपियन संघाच्या बौद्धिक संपदा कार्यालयाने २०२१ सालासाठी केलेला अंदाज असा, की देशोदेशींच्या सीमा ओलांडणारा बनावट माल ४६७ अब्ज डॉलरचा, म्हणजे जगाच्या आयातीच्या २.३ टक्के होता. त्यातला आपल्या दारात येणारा थेंब धरला तरी रोज ढीग लागतो. पकडले गेलेले विक्रेते नवी खाती काढून धाग्यावर धुडगूस घालतात. एका चांगल्या पारखीने धमक्यांमुळे गट सोडला, मी तिला थांबवू शकले नाही. शेऱ्यावरचा वाद तुम्ही रात्री दोनला उठून मिटवता, तेही फुकट. नियम कुजकेपणाने केला असं माझं म्हणणं नाही. दमलेल्या माणसांनी केलेला नियम आहे. मीही दमले असतानाच ‘नकली’ लिहिलं होतं.

आता तक्रारी.

सगळ्यात मोठी तक्रार कारणांची. तुम्ही म्हणता, कारणं लिहिली की नक्कल करणाऱ्यांची फुकटात शिकवणी होते. या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते तुम्ही मानता तेवढं नाही. वरच्या दर्जाच्या नकला करणारा माणूस आपले धागे वाचून शिकत नाही. तो अस्सल बॅग विकत घेतो, टाका न् टाका उसवतो, कातड्याची जाडी मोजतो आणि मग साचे करतो. मोनोग्रॅमचाच इतिहास बघा ना. आधीच्या कापडांच्या नकला होतात म्हणून जॉर्ज व्हिटॉनने १८९६ साली हा गुंतागुंतीचा नमुना आणला. म्हणजे नकलेवरचं औषध म्हणूनच तो जन्मला आणि आज कुठल्याही बाजारात टांगलेला दिसतो. गुपितं ठेवून हा धंदा थांबला असता तर कधीच थांबला असता.

काही खुणा झाकून ठेवायला हव्यात, हे मीही मानते. नव्या नकली मालातल्या ज्या ताज्या चुका आहेत, त्या पारखींनी आपसांत ठेवाव्यात. पण ‘शिलाईवरून’, ‘छापाच्या अक्षरांवरून’, ‘झिप आणि धातूच्या भागांवरून’, ‘कागदपत्रांवरून’ एवढं सांगितल्याने कुणाची शिकवणी होणार आहे? त्याउलट न सांगितल्याने काय होतं ते माझ्याच प्रकरणात बघा. त्या रात्री मला कारण लिहावं लागलं असतं तर मी लिहिलं असतं, ‘डेट कोड नाही, झिप टॅलनची.’ आणि दहा मिनिटांच्या आत कुणीतरी खाली लिहिलं असतं, ‘अहो ताई, फ्रेंच कंपनीची दिसतेय, लेबल मागा.’ माझी चूक माझ्या डोक्यात राहिली म्हणून टिकली. कागदावर आली असती तर मेली असती.

शिवाय लोक शिकायचे त्या कारणांवरूनच. नवा माणूस आला की हमखास म्हणतो, बॅगेच्या मागच्या बाजूला अक्षरं उलटी आहेत, म्हणजे नकली. मग कुणीतरी समजावतं, की लुई व्हिटॉनच्या स्पीडी आणि कीपऑलसारख्या बॅगांत कॅनव्हासचा एकच अखंड तुकडा तळाखालून वर येतो, त्यामुळे एका बाजूची अक्षरं उलटी यायचीच. सुलट असती तर उलट शंका घ्यावी. हर्मेस या फ्रेंच ब्रँडच्या बॅगांची शिलाई दोन सुयांनी हाताने होते, टाका किंचित तिरका पडतो, आणि यंत्रासारखी सरळसोट रेघ हीच तिथे खटकायला हवी. डेट कोड म्हणजे ओळख क्रमांक नव्हे, तो फक्त कारखाना आणि काळ सांगतो, त्यामुळे तोच कोड अनेक बॅगांवर सापडणं हा नकलेचा पुरावा होत नाही. हे सगळं मी याच गटात शिकले, बंद न झालेल्या धाग्यांवर. आता येणाऱ्यांना तुम्ही शिकवणार ते काय? ‘नकली’ आणि ‘अस्सल’ हे दोन शब्द? आमच्या भाषेत चर्चेलाही धागा म्हणतात आणि शिलाईलाही. दोन्हींतला एक तोडून दुसरा कसा तपासायचा, तेवढं सांगा.

कारण न देता शिक्के मारणाऱ्यांचं काय होतं त्याचं एक उदाहरण चित्रांच्या जगात आहे. अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलची चित्रं खरी की खोटी ठरवायला एक अधिकृत मंडळ होतं. मंडळ कारणं देत नसे. नाकारलेल्या चित्राच्या पाठीवर शाईने ‘नाकारले’ असा शिक्का मारत असे, आणि मग त्या चित्राला बाजारात कुणी हात लावत नसे. एका संग्राहकाने २००७ साली कोर्टात खेचलं. खटला मंडळ हरलं नाही, पण बचावावर सुमारे ७० लाख डॉलर गेले आणि २०११ मध्ये मंडळ गुंडाळत असल्याचं जाहीर झालं. आपल्याकडे ७० लाख डॉलर नाहीत. शाईचा शिक्का मात्र आपण तसाच मारतो.

दुसरी तक्रार आपण दाखवत असलेल्या खात्रीबद्दल. आपण बॅग बघत नाही, बॅगेचे फोटो बघतो. दाबून लहान केलेले, पिवळ्या दिव्याखाली काढलेले. हे प्रत्येक शेऱ्यासोबत लिहिलेलं असायला हवं, आणि ते कुठेच नसतं. पक्के भामटे याचाच फायदा घेतात. अस्सल बॅगेचे फोटो टाकून आपल्याकडून ‘अस्सल’ लिहून घेतात आणि पार्सलमध्ये दुसरीच धाडतात. आपल्या शेऱ्याचा स्क्रीनशॉट मग दाखला म्हणून फिरतो, कधी दोन-दोन वर्षं, तीन-तीन बॅगांसोबत. उलट बाजूनेही हेच. खरेदीदार आलेली अस्सल बॅग ठेवून घेतो, नकलीचे फोटो आपल्याला दाखवतो, आणि ‘नकली’ हा शेरा पैसे परत मागण्याच्या अर्जाला जोडतो. आपण नकळत दोन्हीकडच्या चोरांना शिक्का पुरवतो. यावर जुना आणि साधा उपाय आहे, फोटोत शेजारी हाताने लिहिलेलं नाव आणि तारीख. नवीन नियमावलीत तोही गाळलाय, का ते मला कळलेलं नाही.

वस्तू हातात घेऊन तपासणाऱ्यांचेही पाय घसरतात. स्टॉकएक्स ही बूट विकणारी ऑनलाइन बाजारपेठ आपल्या गोदामातून गेलेल्या प्रत्येक बुटाला ‘खरेपणा तपासलेला’ अशी पट्टी लावायची. नायकेने २०२२ मध्ये दावा लावला. त्याच वर्षाच्या शेवटी पट्टीवरचे शब्द बदलून नुसतं ‘स्टॉकएक्सने तपासलेला’ झालं, आणि २०२५ च्या मार्चमध्ये न्यायाधीशांनी ३७ बनावट जोड्यांच्या विक्रीसाठी कंपनीला जबाबदार धरलं. ओमेगा या स्विस घड्याळ कंपनीचं तर त्याहून भारी आहे. १९५७ चं म्हणून त्यांचं एक स्पीडमास्टर घड्याळ २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये जिनिव्हाच्या लिलावात ३१ लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं. घेणारं कोण, तर ओमेगाचंच संग्रहालय. दोन वर्षांत उघड झालं की ते ठिकठिकाणचे भाग जमवून उभं केलेलं घड्याळ आहे, आणि ओमेगानेच सांगितलं की यात त्यांचे तीन माजी कर्मचारी सामील होते. बनवणाऱ्याच्या घरातच ही गत. आपण सहा धूसर फोटोंवर एका शब्दात निकाल देतो आणि वर म्हणतो, शंका घ्याल तर बाहेर.

(कुणी म्हणेल, बॅगेतच ओळख पटवणारी चिप आली की हे सगळं संपेल. लुई व्हिटॉनने डेट कोड सोडून २०२१ पासून चिप घातली, शनेलनेही ऐंशीच्या दशकापासूनचं स्टिकर सोडून त्याच वर्षी चिपची धातूची पट्टी आणली. छान आहे. पण आपल्याकडे येणाऱ्या बॅगा बहुतेक त्याआधीच्या असतात, आणि बहुतेक कंपन्या दुसऱ्याच्या हातून आलेली वस्तू दुकानात तपासून द्यायला तयार नसतात. म्हणून तर लोक आपल्याकडे येतात.)

ओमेगाच्या त्या घड्याळावरून तिसरी गोष्ट. ते आपल्या गटात आलं असतं तर शेरा काय पडला असता? त्यातले भाग खरे असतील, पण उभं केलेलं घड्याळ खोटं. आपल्याकडे कप्पे दोनच. अस्सल बॅग, पण पट्टे बाहेर कुठेतरी बदललेले. अस्सल घड्याळ, पण तबकडी दुसऱ्याच कुणी रंगवलेली. अस्सल पर्स, पण सगळं कातडं नव्याने रंगवलेलं. यांना कुठे टाकायचं? आणि फोटोंवरून खरंच सांगता येत नाही अशा वस्तूंचं काय? माझ्या अंदाजाने त्या दहात दोन-तीन तरी असतात, पण ‘सांगता येत नाही’ लिहिलं की तुमच्यातलं कुणीतरी विचारतं, मग इथे बसलात कशाला. डच चित्रकार रेम्ब्रांटची चित्रं तपासायला १९६८ मध्ये सुरू झालेल्या रेम्ब्रांट संशोधन प्रकल्पातली तज्ज्ञ मंडळी चित्रांचे तीन गट करत: त्याची, त्याची नाही, आणि मधला एक गट, जिथे होय किंवा नाही असं काहीच म्हणता येत नाही. आयुष्य एका चित्रकारावर घालवलेल्या लोकांना तिसरा कप्पा लागला. पुढे त्यांनी आधी नाकारलेली काही चित्रं रेम्ब्रांटला परतही दिली, ग्रंथात छापून, कारणांसह. त्यामुळे त्यांची पत गेली असं मी तरी ऐकलं नाही.

यादीबद्दल थोडक्यात, कारण त्यावर लिहायला लागले की माझा तोल जातो. यादीत नाव टाकण्याआधी त्या माणसाला कळवलं जात नाही. त्याचं म्हणणं घेतलं जात नाही. नाव किती काळ राहणार याला मुदत नाही, आणि ते कुणाच्या शेऱ्यावरून चढलं याची नोंद नाही. माझ्या एका शब्दावरून एक बाई आठ महिने तुमच्या यादीत ‘बनावट माल विकणारी’ म्हणून लटकली आहे. मी लेबलाचा फोटो तुम्हाला खाजगीत तीनदा पाठवला. उत्तर आलं ते एकदाच, ‘निर्णय झालेला आहे.’ अहो, पण निर्णय मीच दिला होता ना? ज्याने दिला त्यालाच तो मागे घेता येत नसेल तर तो निर्णय नक्की कुणाचा?

शेवटची तक्रार लिहायला जड जाते, कारण तुमच्यातल्या काहींशी माझी मैत्री आहे. तुमच्यापैकी तिघे जण पैसे घेऊन खरेपणाचे दाखले देतात. दोघे हाच माल विकतात. यात गैर काहीच नाही. इतकी वर्षं कमावलेल्या नजरेचे पैसे का घेऊ नयेत? पण हे नव्या सदस्याला कुठे लिहिलेलं दिसत नाही. आणि नव्या नियमानुसार बंद होणाऱ्या प्रत्येक धाग्याखाली आता ओळ येते, ‘सविस्तर कारणं हवी असल्यास पुढील सेवांशी संपर्क साधा.’ त्या यादीतलं पहिलं नाव कुणाच्या सेवेचं आहे ते तुम्हाला माहीत आहे. फुकटात कारण लिहायला बंदी आणि विकत कारणाचा पत्ता, हे दोन्ही एकाच आठवड्यात आलं. मी आरोप करत नाही. पण दुकानही आपलं आणि तराजूही आपला असेल तर गिऱ्हाईक मापाकडे बघणारच, त्याला बंदी घालून कसं चालेल?

माझ्या मागण्या अशा.

प्रत्येक ‘नकली’ शेऱ्यासोबत निदान कारणाचा प्रकार लिहावा. नेमकी खूण झाकायची तर झाका. शेरा फोटोंवरून, अमुक तारखेला, अमुक पारखीने दिला, हे त्यातच यावं, म्हणजे स्क्रीनशॉट फिरला तरी तारीख सोबत फिरेल. नाव आणि तारीख लिहिलेल्या चिठ्ठीशिवायचे फोटो तपासायला घेऊ नयेत. दोनाचे चार कप्पे करावेत: अस्सल, अस्सल पण बदललेली, नकली, आणि फोटोंवरून सांगता येत नाही. चौथा लिहिणाऱ्या पारखीला कुणी हिणवू नये.

शेऱ्यानंतर धागा सात दिवस उघडा राहावा. शिवीगाळ करणाऱ्याला खुशाल काढा, त्याच दिवशी काढा, मी तुमच्या बाजूने उभी राहीन. शंका विचारणाऱ्याला मात्र काढू नका. दोघांतला फरक ओळखता येत नाही असं नऊ वर्षांत तुम्हाला कधी झालेलं मी पाहिलेलं नाही.

यादीत कुणालाही घालण्याआधी दोन पारखींचे स्वतंत्र शेरे हवेत, त्या माणसाला कळवलेलं हवं आणि उत्तराला वेळ दिलेला हवा. अपील तिसऱ्याच माणसाकडे जावं. पहिल्या दोघांशी सल्लामसलत न करता. २०१८ साली मॉडरेशनबद्दल सांता क्लारा तत्त्वं म्हणून जी प्रसिद्ध झाली त्यांत तीनच गोष्टी मागितल्या होत्या: किती जणांवर कारवाई केली त्याचे आकडे, कारवाई झालेल्याला कारणासह सूचना, आणि अपिलाची सोय. ती मोठमोठ्या कंपन्यांसाठी लिहिलेली होती. आपल्यासारख्या गटाला यासाठी एक कागद आणि एक संध्याकाळ पुरेल.

जे मॉडरेटर दाखले विकतात किंवा माल विकतात, त्यांनी ते आपल्या नावापुढे लिहावं आणि स्वतःच्या गिऱ्हाइकाच्या किंवा प्रतिस्पर्ध्याच्या वस्तूवर शेरा देऊ नये. धाग्याखालची ती ओळ काढून टाकावी.

आणि शेरा देणाऱ्याला आपला शेरा बदलता यावा. त्याच धाग्यावर, जुना शेरा न पुसता, त्याच्या खाली.

हे होईपर्यंत मी शेरे देणार नाही. हा रुसवा समजू नका. कारण लिहायची मुभा नसताना मी पुन्हा तशीच चुकेन, आणि पुन्हा मला कुणी अडवणार नाही, म्हणून थांबते आहे. प्रश्न विचारायला आलेल्या माणसाला ‘अजून हे फोटो काढा’ एवढं सांगायला मात्र मी तयार आहे, तुमची हरकत नसेल तर. बंदी संपायला अजून पाच दिवस आहेत.

तुम्ही दोनदा उडवलेली दुरुस्ती इथे तिसऱ्यांदा देते. इथून तिला उडवता यायचं नाही.

‘आठ महिन्यांपूर्वी मोनोग्रॅमच्या ज्या जुन्या बॅगेवर मी ‘नकली’ असा शेरा दिला, ती फ्रेंच कंपनीने परवान्याखाली बनवलेली अस्सल बॅग आहे. लेबल आतल्या खिशात आहे. पाचव्या फोटोत त्याचा कोपरा दिसत होता, मी तो पाहिला नाही आणि विचारलंही नाही. डेट कोड नसणं आणि टॅलनची झिप असणं या बॅगेच्या बाबतीत योग्यच आहे. विकणाऱ्या सदस्येने सांगितलेली प्रत्येक गोष्ट खरी होती. तिची माफी मी खाजगीत मागितली आहे, इथे सगळ्यांसमोर पुन्हा मागते. तिचं नाव यादीतून काढावं.’

आपली,
शेरा देणारी